विज्ञानकथा-फँटसी लिहिणाऱ्या बायका आणि पुरस्कारांची नामांकनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी उजाडला की आम्ही चारपाच वाचक एकत्र बसतो, गेल्या वर्षभरात बायकांनी लिहिलेल्या विज्ञानकथा आणि फँटसीची यादी करतो आणि ओळखीपाळखीत फिरवतो. यादी हातात पडली की तेच ते प्रश्न येतात. काही खवचट, बरेचसे प्रामाणिक. उत्तरं पुन्हापुन्हा टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून काढली. बहुतेक उत्तरं ह्यूगोबद्दल आहेत, कारण साध्या वाचकाचा हात थेट पोचतो तो तिथेच.

१. ह्यूगो, नेब्युला, क्लार्क… हे सगळे एकच का? कोण देतं?

एकच नाहीत, आणि फरक लक्षात ठेवला नाही तर मेहनत वाया जाते. ह्यूगो हा वर्ल्डकॉन या वार्षिक संमेलनाच्या सदस्यांनी मतं देऊन ठरवलेला पुरस्कार. पहिल्यांदा १९५३ मध्ये फिलाडेल्फियाला दिला गेला. १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू करणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅकचं नाव त्याला आहे. नेब्युला अमेरिकेतल्या लेखकांची संघटना देते. १९६५ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे सदस्यच तिथे मत देतात. आर्थर सी. क्लार्क पुरस्काराला परीक्षक मंडळ असतं, वर्ल्ड फँटसी पुरस्कारालाही, फक्त तिथे अंतिम यादीतल्या काही जागा संमेलनाच्या सदस्यांच्या मतांनी भरतात. परीक्षक मंडळापुढे वाचकांनी कितीही गलका केला तरी उपयोग नाही. ह्यूगोत मात्र वाचकाचा शब्द मोजला जातो.

२. मी नागपुरात राहते. संमेलनाला जाणं शक्यच नाही. मला मत देता येईल?

येईल. प्रत्यक्ष हजर राहायची गरज नाही, घरबसल्या सदस्यत्व घेता येतं. मतदानापुरत्या साध्या सदस्यत्वाला अलीकडच्या वर्षांत साधारण ५० डॉलर पडले आहेत. नामांकन करायचं तर ३१ जानेवारीपर्यंत त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचं सदस्य असावं लागतं. गेल्या वर्षीचे सदस्यही नामांकन करू शकतात, अंतिम मतदान मात्र फक्त चालू वर्षाच्या सदस्यांचं.

"आम्ही तिघी मैत्रिणी मिळून एक सदस्यत्व घेऊ का?" असंही विचारलं जातं. पैसे मिळून भरा, पण मत ज्या एकीच्या नावावर सदस्यत्व आहे तिचंच. खिसा परवानगी देत नसेल तर प्रश्न १३ पाहा, तिथे फुकटचे मार्ग आहेत.

३. कथा, दीर्घकथा, लघुकादंबरी… कुठलं काय, हे कसं ठरतं?

इंग्रजी शब्दसंख्येवर. ७,५०० शब्दांच्या आत ती लघुकथा. ७,५०० ते १७,५०० दीर्घकथा. १७,५०० ते ४०,००० लघुकादंबरी. त्यापुढे कादंबरी. सीमेवरची एखादी कथा शेजारच्या गटात हलवायची थोडी मुभा व्यवस्थापकांना असते. बहुतेक मासिकं शब्दसंख्या स्वतःच छापतात, तेव्हा अंदाज बांधत बसू नका.

४. चांगलं लिहिलं असेल तर पुरस्कार मिळतोच की! मोहीम कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर म्हणून मी एकच कागद पुढे करते: २००७ सालची ह्यूगोची अंतिम यादी. कादंबरी, लघुकादंबरी, दीर्घकथा आणि लघुकथा मिळून २० नावं. त्यात बाई एकच, नेओमी नोविक, कादंबरी गटात. उरलेले तिन्ही गट संपूर्ण पुरुषांचे. त्या वर्षी बायकांनी लिहिलंच नव्हतं का? वाईट लिहिलं होतं का? तसं म्हणायला कोणीच पुढे येत नाही. मतपत्रिकेपुढे बसल्यावर लोकांना जी नावं आधी आठवली, ती त्यांनी लिहिली, इतकंच.

सगळं घडतं ते नामांकनाच्या टप्प्यावर. अंतिम यादीत आलेली कथा मतदार वाचतातच, अनेकदा प्रकाशक तिची प्रत सदस्यांना फुकट देतात. पण यादीत यायचं तर मार्च महिन्यात कुणाला तरी ती आठवायला हवी. मे महिन्यात कुठल्याशा छोट्या ऑनलाइन मासिकात आलेली कथा दहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहते? मोठ्या नावाची राहते. मोठं नाव कोणाचं झालं, याला जुना इतिहास आहे. कथालेखनासाठी ह्यूगो मिळवणारी पहिली बाई अ‍ॅन मॅकॅफ्री, १९६८ मध्ये, तोही विभागून. कादंबरीसाठी पहिली अर्सुला ल गुइन, १९७० मध्ये. म्हणजे पुरस्कार सुरू झाल्यावर तब्बल सतरा वर्षांनी.

आमची मोहीम म्हणजे आठवण करून देणं. मत कोणाला द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

५. बायका पुरुषांच्या नावाने लिहायच्या म्हणे. खरं की दंतकथा?

दोन्हींचं मिश्रण. सर्वांत गाजलेली गोष्ट खरी आहे. १९६७ मध्ये अ‍ॅलिस शेल्डन या बाईंना दुकानात मार्मालेडची बाटली दिसली, तिच्यावर कंपनीचं नाव होतं टिपट्री. झालं टोपणनाव: जेम्स टिपट्री ज्युनिअर. 'ज्युनिअर'ची भर नवऱ्याने घातली. पुढची दहाएक वर्षं विज्ञानकथेच्या जगाने टिपट्रीला पुरुष मानलं. १९७४ मध्ये ह्यूगोही दिला. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्गने एका प्रस्तावनेत लिहिलं की या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. दोनेक वर्षांत बिंग फुटलं. सिल्व्हरबर्गने चूक मोकळेपणाने कबूल केली, हेही सांगायला हवं.

१९६९ मध्ये ल गुइनबाईंची एक कथा 'प्लेबॉय'ने 'यू. के. ल गुइन' अशी आद्याक्षरं लावून छापली, तेही खरं. पण सी. एल. मूरने बाईपण लपवायला आद्याक्षरं घेतली, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. ती बँकेत नोकरीला होती आणि साहेबाला लेखनाचा पत्ता लागू नये, एवढीच तिची काळजी होती.

आता आपल्याकडची गंमत. त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगला नारळीकरांनी आपल्या हाताने उतरवून दिली होती. तिकडे बाईने पुरुषाचं नाव घेतलं, इकडे नामवंत पुरुषाची कथा बाईच्या अक्षरात गेली. कारणं वेगळी, पण नाव झाकल्यावर परीक्षक काय वाचतो हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

६. हजारो लोक मत देतात. माझ्या एकटीच्या नामांकनाने काय होणार?

कादंबरी गटात कमी. लघुकथेत पुष्कळ. वर्षाला इंग्रजीत इतक्या लघुकथा निघतात की नामांकनं शेकडो कथांवर विखुरतात. २०१३ मध्ये तर गंमतच झाली. अंतिम यादीत यायला किमान ५ टक्के मतपत्रिकांवर नाव हवं, असा तेव्हा नियम होता. लघुकथा गटात तेवढा टप्पा फक्त तीन कथांनी गाठला. पाचांच्या जागी तीन! त्यातल्या दोन बायकांच्या होत्या, आलिएट द बोदार आणि किज जॉन्सन यांच्या. पुढे तो नियम काढून टाकला. पण विखुरण्याचा स्वभाव तोच आहे, त्यामुळे मोजक्या वाचकांनी खरोखर वाचून लिहिलेलं नाव इथे वजनदार ठरतं.

७. मग पाच जागा न भरता एकच नाव लिहिलं तर त्याला जास्त जोर मिळेल?

कागदावर हो, व्यवहारात फारसा नाही. २०१७ पासून मोजणीची नवी पद्धत आहे. प्रत्येक गटात तुमच्याकडे एक गुण. पाच नावं लिहिलीत तर प्रत्येकाला ०.२. मग सर्वांत कमी गुणांच्या दोन कथा समोरासमोर येतात, आणि त्यांतली जी कमी मतपत्रिकांवर असेल ती बाद होते. तुमची एखादी बाद झाली की तिचा वाटा तुमच्याच उरलेल्या नावांना मिळतो, चार उरली की ०.२५, दोन उरली की अर्धा. शेवटी एकच टिकली तर पूर्ण गुण तिचाच. जेवढं आवडलं तेवढं लिहावं, हेच बरं. न वाचलेलं मात्र जागा भरायला म्हणून लिहू नये.

८. तुम्हीही यादी फिरवता. मग तुमच्यात आणि २०१५ च्या 'पपीज'मध्ये फरक काय?

रास्त प्रश्न. २०१५ मध्ये स्वतःला 'सॅड पपीज' आणि 'रॅबिड पपीज' म्हणवणाऱ्या दोन गटांनी ठरवून याद्या काढल्या. ह्यूगो पुरोगाम्यांनी, बायकांनी, अल्पसंख्याकांनी बळकावलाय, अशी त्यांची तक्रार. त्यांच्या पाठीराख्यांनी ती नावं सरसकट मतपत्रिकेवर उतरवली, आणि बरेचसे गट त्यांच्याच नावांनी भरले. मतदारांनी याचा राग अंतिम मतदानात काढला. पाच गटांत 'कोणालाच पुरस्कार नाही' हा पर्याय जिंकला. प्रश्न ७ मधली नवी मोजणी आली ती यातूनच, एकगठ्ठा मतांचा जोर कमी व्हावा म्हणून.

आमची यादी आणि त्यांची यादी यांत फरक आहे, पण तो आपोआप राहत नाही, राखावा लागतो. आम्ही एका गटात कधीच पाच नावं देत नाही. पंचवीस-तीस देतो, म्हणजे ती जशीच्या तशी उतरवताच येत नाही. क्रम लावत नाही. प्रत्येक नावापुढे वाचलेल्या माणसाची दोन ओळींची नोंद असते, आणि ती कधीकधी अशीही असते: 'मधली वीस पानं रटाळ, शेवट मात्र विसरणार नाही.' पाच नावांची आटोपशीर यादी मागणारे दरवर्षी भेटतात. त्यांना देत नाही.

९. लेखिकेने स्वतःच 'माझी ही कथा पात्र आहे' असं सांगणं बरं दिसतं का?

बरं दिसण्याचा प्रश्नच नाही, ती माहिती आहे. इंग्रजी लेखक वर्षाअखेरीस कथेचं नाव, मासिक, गट आणि दुवा असं छोटं टिपण सर्रास देतात. मतदाराला त्याची मदतच होते. बायका मात्र ते लिहिताना माफी मागत लिहितात, 'सांगायला संकोच वाटतो, पण…' अशी सुरुवात करून. कोणी आमच्याकडे सल्ला मागितला तर तो संकोच खोडायला सांगतो. तीन ओळी पुरे. अंतिम यादी लागल्यानंतर घरोघरी मतं मागत फिरणं मात्र ह्यूगोच्या जगात कोणालाच आवडत नाही, आणि ते बरंच आहे.

१०. जानेवारीचा अंक डिसेंबरमध्येच हातात आला. कथा कुठल्या वर्षाची?

अंकावर छापलेल्या तारखेची. तारीख असलेल्या नियतकालिकाला मुखपृष्ठावरची तारीख लागू, तो विकायला केव्हा आला ते नाही. हे मी फटका खाऊन शिकले. एका वर्षी डिसेंबरात वाचलेली, मनापासून आवडलेली कथा मार्चमध्ये नामांकनात लिहिली. अंक होता पुढच्या जानेवारीचा, नाव बाद. पुढच्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा मीच विसरले. दुसऱ्यांना आठवण करून देत फिरणारी मी! तेव्हापासून वाचल्यावर अंकाची तारीख आधी टिपते, मत नंतर.

११. मराठी कथा ह्यूगोला चालते का?

चालते. भाषेची अट नाही. पण मत देणाऱ्यांपैकी मराठी वाचणारे किती, हे तुम्हीच सांगा. म्हणून दुसरा नियम कामाचा: दुसऱ्या भाषेत आलेलं लेखन पहिल्यांदा इंग्रजी अनुवादात निघेल त्या वर्षी पुन्हा पात्र ठरतं. दिवाळी अंकातली जुनी कथा चांगल्या अनुवादाने आज इंग्रजी मासिकात गेली, तर तिला नवा जन्म मिळतो. शब्दसंख्या तेव्हा अनुवादाची धरा, गट बदलू शकतो (प्रश्न ३).

हे स्वप्नरंजन नाही. हाओ जिंगफांग या चिनी लेखिकेची 'फोल्डिंग बीजिंग' ही दीर्घकथा केन लिऊच्या अनुवादात २०१५ मध्ये आली आणि २०१६ मध्ये ह्यूगो घेऊन गेली. त्याच गटात स्टीफन किंगही होता.

मराठीतून इंग्रजीकडे जाणारी वाट अगदीच कोरी नाही. बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये काढलेल्या भारतीय विज्ञानकथांच्या इंग्रजी संग्रहात शुभदा गोगटे यांची कथा आहे. पण संग्रह निघणं वेगळं आणि परदेशातले मतदार वाचतात त्या मासिकात कथा येणं वेगळं. आपल्याकडे अडतं ते अनुवादकापाशी. एखादीला दोन्ही भाषा चांगल्या येत असतील आणि कथेचं वेड असेल, तर मतपत्रिकेपेक्षा तिचा उपयोग इथे जास्त आहे.

१२. भारतीय बाईचं नाव कधी या याद्यांत आलंय?

आलंय. मिमी मंडल २०१८ मध्ये ह्यूगोच्या अंतिम यादीत होत्या, ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेला उद्देशून लिहिलेल्या पत्रांच्या आणि लेखांच्या संग्रहाच्या सहसंपादक म्हणून. बंगळुरूच्या लावण्या लक्ष्मीनारायण २०२४ मध्ये क्लार्क पुरस्काराच्या यादीत होत्या. आणि हे लेखन आपल्याकडे नवं आहे असं कोणी म्हणालं तर रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा दाखवा. सौरऊर्जेवर चालणारा, पुरुषांना पडद्याआड बसवणारा बायकांचा देश, तोही १९०५ मध्ये मद्रासच्या मासिकात.

१३. पैसे न भरता काय करता येईल?

अर्सुला ल गुइन यांच्या नावाने २०२२ पासून २५,००० डॉलरचा पुरस्कार दिला जातो. त्यासाठी कोणीही वाचक पुस्तक सुचवू शकतो, निवड पुढे परीक्षक करतात. 'अदरवाइज' पुरस्कारालाही शिफारस कोणीही पाठवू शकतं (पुढचा प्रश्न पाहा). आणि सर्वांत साधं काम: वाचलेल्या कथेबद्दल चार ओळी लिहा आणि लेखिकेचं नाव नीट लिहा.

१४. फक्त बायकांसाठी असा विज्ञानकथेचा पुरस्कार नाही का?

लोक 'अदरवाइज'ला तसं समजतात, पण तो बायकांसाठी राखीव नाही. स्त्री-पुरुष या कल्पनेलाच नव्याने भिडणाऱ्या लेखनाला तो मिळतो, पुरुषांनाही मिळाला आहे. १९९१ मध्ये पॅट मर्फी आणि कॅरन जॉय फाउलर यांनी विस्कॉन्सिनमधल्या विसकॉन या स्त्रीवादी विज्ञानकथा संमेलनात तो सुरू केला. नाव टिपट्रीचंच होतं. पैसे कसे उभे केले? केक-बिस्किटं भाजून, विकून. मला तर गल्लीतल्या आनंदमेळ्याचीच आठवण होते. बायकांना चूल सोडत नाही, असं यावर कोणी म्हणण्याआधी सांगते, तो विनोद त्यांनी जाणूनबुजूनच केला होता.

नाव २०१९ मध्ये बदललं. शेल्डनबाईंनी १९८७ मध्ये आजारी नवऱ्याला गोळी घालून स्वतःला संपवलं होतं. ही आधी ठरलेली गोष्ट होती की अपंग, परावलंबी माणसाचा खून, यावर वाद झाला आणि संयोजकांनी नाव उतरवलं. मला ते अवघड पण योग्य वाटतं, आमच्यातल्या दोघींना अजिबात पटलेलं नाही.

१५. लेखक स्त्री आहे की नाही, हे कसं ठरवता? आणि स्वतःला दोन्ही न म्हणवणाऱ्यांचं काय?

नावावरून ठरवत नाही. टिपट्रीने एवढं तरी शिकवलं. लेखकाने स्वतःच्या परिचयात जे लिहिलं असेल ते प्रमाण. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणारे लेखक आमच्या यादीत असतात, 'बायका' या नावाखाली कोंबून नव्हे, वेगळ्या नोंदीसह.

खरी पंचाईत होते ती मराठीत लिहिताना. इंग्रजीत 'रायटर' म्हणून सुटता येतं, आपल्याकडे क्रियापद लगेच पकडतं: लिहिते की लिहितो? आम्ही सरळ आदरार्थी बहुवचन वापरतो, 'लिहितात', 'त्यांनी लिहिलंय'. कोणी दुखावत नाही, आणि चांगल्या लेखकाला अहो-जाहो केल्याने काही बिघडतही नाही.

१६. आता तर सगळीकडे बायकाच जिंकतात. अजून काय हवंय?

ह्यूगोपुरतं बोलायचं तर चित्र पालटलंय, हे मान्य. एन. के. जेमिसिन यांनी २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो घेतला, तसं आधी कोणीच केलं नव्हतं. २०१९ मध्ये प्रश्न ३ मधल्या चारही गटांत बायका जिंकल्या. यापुढेही प्रत्येक गटात बाईच जिंकायला हवी, असा आमचा हट्ट नाही.

पण पालटलं म्हणजे काय? अमेरिकेत राहून इंग्रजीत, वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहिणाऱ्या लेखिकेसाठी बरंचसं पालटलं. मलेशिया, नायजेरिया किंवा नाशिकमधून लिहिणारीसाठी तेवढं नाही. म्हणून अलीकडे आमची यादी भूगोलाकडे आणि अनुवादांकडे झुकलीय. काही जुन्या वाचकांची यावर नाराजी आहे.

१७. २०२३ मध्ये म्हणे नावंच गाळली होती. मग विश्वास का ठेवायचा?

२०२३ चं वर्ल्डकॉन चीनमध्ये चंग्दूला झालं. जानेवारी २०२४ मध्ये आकडे बाहेर आले तेव्हा दिसलं की आर. एफ. क्वांग यांच्या 'बाबेल' या कादंबरीला पुरेशी नामांकनं असूनही 'अपात्र' ठरवलं होतं, कारण न देता. हीच कादंबरी नेब्युला जिंकलेली. दुसरीही काही नावं अशीच गेली. याचं समर्थन होऊच शकत नाही.

पण हे कळलं ते आकडे जाहीर करावे लागतात म्हणून. त्यानंतर २०२४ ला ग्लासगोच्या व्यवस्थापकांनी ३७७ संशयास्पद मतं बाद केली आणि तसं उघड सांगितलं. परीक्षक मंडळाच्या बंद खोलीत काय झालं, हे तर आपल्याला कधीच कळत नाही.

१८. अंतिम यादीतलं सगळं वाचून झालं नाही तर?

जेवढं वाचलंत तेवढ्याचा पसंतीक्रम लावा. त्या गटातलं काहीच वाचलं नसेल तर तो गट सोडून द्या. 'कोणालाच पुरस्कार नाही' हा पर्याय पुरस्काराच्या लायक काहीच वाटलं नाही तर वापरायचा, वाचायला वेळ मिळाला नाही म्हणून नव्हे.

१९. शेवटची तारीख नेहमी चुकते. काही युक्ती?

मुदत संमेलनाच्या ठिकाणच्या वेळेनुसार असू शकते, ती आधी पाहा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्चच्या मध्यात रात्री ११:५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे १२:२९ झालेले असतात. पण त्यावर विसंबू नका, शेवटच्या तासात साइट रखडते. जानेवारीतच दोन नावं भरून ठेवा. मुदतीपर्यंत मतपत्रिका हवी तितक्या वेळा बदलता येते. मी फ्रिजच्या दारावर कागद लावलाय. त्यावर दुधाच्या हिशेबाखाली कथांची नावं आहेत, शेजारी अंकाची तारीख.